सेकंडहँड गाडीची मूळ चोरीप्रतिबंधक यंत्रणा अडून बसली तर: दोष शोधण्याचा क्रम

सेकंडहँड गाडी सुरू होत नाही, डॅशबोर्डवर किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत राहते आणि कारखान्यातून बसून आलेली यंत्रणा खुद्द मालकालाच आत घ्यायला तयार नसते, अशी वेळ आली की नवखा मालक बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो. तो बॅटरीची वायर काढून पुन्हा लावतो, किंवा कोणीतरी सुचवलेला महागडा भाग बदलून टाकतो. पहिल्या उपायाने सहसा काहीच साधत नाही, कारण कोणत्या किल्ल्या ओळखीच्या आहेत याची नोंद अशा स्मृतीत ठेवलेली असते की जी वीज गेली तरी पुसली जात नाही. दुसऱ्या उपायाने पैसे जातात आणि दोष बऱ्याचदा जिथल्या तिथेच राहतो. म्हणून हा लेख क्रमाविषयी आहे: आधी काय पाहायचे, मग काय मोजायचे, आणि कोणत्या ठिकाणी थांबून जाणकाराकडे जायचे.

पहिली पायरी: अडवणारी यंत्रणा नेमकी कोणती, हे ठरवा

‘गाडीचा अलार्म बिघडला’ असे आपण सरसकट म्हणतो, परंतु त्या एका वाक्यात तीन निरनिराळ्या यंत्रणा दडलेल्या असतात. इमोबिलायझर किल्लीतील चिप ओळखतो आणि ओळख पटली नाही तर इंजिन चालू देत नाही. अलार्म दारे, बॉनेट, डिकी आणि काही गाड्यांत आतील हालचाल यांवर लक्ष ठेवतो व भोंगा वाजवतो. रिमोट लॉकिंगचे काम दारे उघडण्या-लावण्यापुरते असते. या तिन्ही यंत्रणा एकाच किल्लीत आणि अनेकदा एकाच नियंत्रकात एकत्र आलेल्या असल्या, तरी त्यांचे बिघाड वेगळे असतात. रिमोटचा सेल संपला म्हणून साधी, फिरवायच्या किल्लीची गाडी सुरू व्हायची थांबत नाही, कारण इमोबिलायझरच्या चिपला सेल लागतच नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे एक कडे असते. किल्ली आत घालून फिरवली की ते कडे साधारण १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, त्यातूनच चिपला ऊर्जा मिळते आणि चिप आपली ओळख परत पाठवते. ती ओळख पटली तरच इंजिनाच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, परवानगी मिळते. याउलट रिमोट सेलवर चालतो आणि बहुतेक गाड्यांत ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो.

आपल्या गाडीत इमोबिलायझर आहे की नाही, हेही गृहीत धरू नये. युरोपीय संघात नव्या मोटारींना तो ऑक्टोबर १९९८ पासून आणि कॅनडात सप्टेंबर २००७ पासून बंधनकारक झाला. अमेरिकेत मात्र तशी सक्ती नसल्यामुळे ह्युंदाई आणि किया यांच्या किल्ली फिरवून सुरू होणाऱ्या अनेक गाड्या २०२१ पर्यंत इमोबिलायझरशिवाय विकल्या गेल्या. जुन्या गाड्यांत तर पद्धतच वेगळी आढळते. १९८६ च्या शेवरोलेट कॉर्व्हेटमध्ये किल्लीच्या पात्यावर विद्युत रोधाची एक गोळी बसवलेली असे, तिची पंधरा वेगवेगळी मूल्ये होती आणि गाडी चिप वाचण्याऐवजी तो रोध मोजत असे. अशा किल्लीच्या बाबतीत त्या गोळीवरचा मळ हाच मुख्य दोष ठरू शकतो. तेव्हा गाडीचे मॉडेल, निर्मितीचे वर्ष आणि मालकाची पुस्तिका या तीन गोष्टी हाताशी घेऊनच पुढे जावे.

दुसरी पायरी: काहीही न उघडता नीट बघा आणि लिहून ठेवा

किल्ली ‘ऑन’वर आणा, सेल्फ मारू नका, आणि सुरक्षेच्या दिव्याकडे लक्ष द्या. बहुसंख्य गाड्यांत तो काही सेकंद लागून विझतो, आणि तसे झाले तर किल्ली ओळखली गेली असे धरायला हरकत नाही. तो जलद लुकलुकत राहिला किंवा विझलाच नाही, तर इमोबिलायझरची तक्रार आहे. गाडी बंद करून लावून ठेवलेली असताना हाच दिवा संथपणे लुकलुकणे मात्र अगदी स्वाभाविक आहे. यंत्रणा पहाऱ्यावर असल्याची ती खूण असते. नवे मालक पुष्कळदा यालाच बिघाड समजून बसतात.

आता सेल्फ मारा आणि काय घडते ते शब्दांत लिहा, कारण पुढचा सगळा तपास या नोंदीवर अवलंबून आहे. इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत दरवेळी त्याच ठिकाणी बंद पडत असेल, तर ती इमोबिलायझरची अगदी ओळखीची खूण आहे. अनेक गाड्यांत तो इंजिनाला क्षणभर चालू देतो आणि मग इंधन तोडतो. सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर इमोबिलायझर किंवा इंधन अथवा स्पार्क यांपैकी काहीही कारण असू शकते, आणि येथे सुरक्षेचा दिवा निर्णायक ठरतो. तो नेहमीप्रमाणे विझला असेल, तर इमोबिलायझरच्या मागे लागण्यापूर्वी इंधनाचा पंप तपासावा. सेल्फ मुळीच फिरत नाही आणि दिवा लुकलुकतो, तर ज्या गाड्यांत यंत्रणा स्टार्टरलाच (सेल्फच्या मोटरलाच) अडवते त्यांतली ही असू शकते. सेल्फ फिरत नाही, नुसता ‘टक’ असा आवाज येतो आणि डॅशबोर्डवरचे सगळेच दिवे मंद होतात, तर चोरीप्रतिबंधक यंत्रणेला तूर्त निर्दोष समजा आणि पुढची पायरी गाठा.

तिसरी पायरी: बॅटरी

ही पायरी छोटी असली तरी वगळू नये. मल्टिमीटर वीस व्होल्टच्या डीसी पट्ट्यावर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मोजणी करा. गाडी काही तास उभी राहिलेली असताना १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी, १२.४ च्या आसपास कामचलाऊ, आणि १२ पर्यंत उतरली असेल तर जवळजवळ रिकामी. सेल्फ फिरत असताना दुसऱ्याला मीटरवर नजर ठेवायला सांगा. आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी किंवा तिच्या जोडण्या कमकुवत आहेत. व्होल्टेज असे कोसळले की ईसीयू आणि इमोबिलायझर यांच्यातील संवाद मध्येच तुटतो, आणि किल्लीचा दिवा विनाकारण पेटतो. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी आणि बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या वायरीचे ढिले नट हीसुद्धा याच दोषाची कारणे आहेत. बॅटरी भरून, टर्मिनल घासून-घट्ट करून मगच पुढे जावे.

एक सूचना येथेच देतो. बॅटरीची वायर काढण्याआधी रेडिओला कोड लागतो का, हे पुस्तिकेत पाहा. अनेक जुन्या गाड्यांतील मूळ रेडिओ वीज गेल्यावर कोड मागतो, आणि चुकीचा कोड काही वेळा टाकला की तो बराच वेळ कुलूपबंद राहतो. शिवाय ज्या सायरनमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते, तो मुख्य वायर निघताच चोरी समजून वाजू लागतो. अशा गाड्यांसाठी वायर काढण्याची ठरलेली पद्धत पुस्तिकेत दिलेली असते.

चौथी पायरी: किल्ली, आणि तिच्यामागचा इतिहास

सेकंडहँड गाडीत सर्वाधिक वेळ द्यावा तो किल्लीवर, असे माझे ठाम मत आहे. नव्या गाडीची किल्ली कोणाच्या हातून गेली हे आपल्याला ठाऊक असते. सेकंडहँड गाडीची किल्ली पडलेली, भिजलेली, उघडलेली किंवा कोठेतरी नक्कल करून घेतलेली असू शकते, आणि विकणाऱ्यालाही ते आठवत नसते.

सुरुवात दुसऱ्या किल्लीने करा. तिने गाडी सुरू झाली, तर कुलपाभोवतीचे तारेचे कडे, वायरिंग आणि ईसीयू हे सारे निर्दोष आहेत आणि दोष पहिल्या किल्लीच्या चिपमध्ये किंवा तिच्या नोंदीत आहे, हे एका मिनिटात सिद्ध होते. दोन्ही किल्ल्यांना सारखाच नकार मिळाला, तर दोष गाडीकडे असण्याची शक्यता वाढते. ही चाचणी करताना प्रत्येक किल्ली जुडग्यातून सोडवून एकटीच वापरा. एकाच जुडग्यात दोन चिपच्या किल्ल्या असल्या, तर दोन्ही चिप एकाच वेळी उत्तर देऊ पाहतात आणि वाचन बिघडते; किल्लीला लगटून असलेले धातूचे जाड कडेही क्षेत्रात अडथळा आणू शकते.

त्यानंतर किल्लीचे कवच पाहा. ते गाडीच्या वयापेक्षा फारच नवे दिसत असेल, तर ते बदललेले आहे. असे कवच बदलताना पाते आणि रिमोटची पट्टी (सर्किट बोर्ड) नव्या कवचात जाते, परंतु अनेक किल्ल्यांत इमोबिलायझरची चिप ही त्या पट्टीपासून स्वतंत्र असलेली काचेची किंवा काळ्या प्लास्टिकची इवलीशी वडी असते आणि ती जुन्या कवचाच्या खाचेतच राहून जाते. माझ्या एका जुन्या गाडीची दुसरी किल्ली अगदी अशीच निघाली: दारे उत्तम उघडत होती, पाते कुलपात सहज फिरत होते, आणि इंजिन दरवेळी क्षणभर सुरू होऊन बंद पडत होते. किल्लीचे दोन्ही भाग सावकाश विलग केल्यावर चिपची खाच रिकामी आढळली. आधीच्या मालकाने जुने कवच टाकून दिले होते, आणि त्याबरोबर चिपही गेली होती. म्हणून किल्ली उघडायची असेल तर स्वच्छ कापडावर उघडा, आणि कोणतेही कवच त्याच्या खाचा तपासल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका.

किल्ली दारे उघडत नाही पण गाडी सुरू करते, अशी उलट तक्रार असेल तर रिमोटचा सेल बदला. तो बहुधा सीआर२०३२, सीआर२०२५ किंवा सीआर१६२० असतो. सेलवर कोरलेला क्रमांक पाहूनच नवा घ्या, कारण जाडीतील अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानेही टेकण नीट बसत नाही. नव्या सेलनेही काम झाले नाही, तर रिमोट आणि गाडी यांची लय सुटलेली असू शकते. प्रत्येक वेळी बटण दाबताच रिमोट नवा कोड पाठवतो आणि गाडी पुढच्या काही कोडांची वाट पाहते. खिशात किंवा मुलांच्या हातात तो शेकडो वेळा दाबला गेला, तर तो गाडीच्या फार पुढे निघून जातो. लय पुन्हा जुळवण्याची रीत प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, आणि काही गाड्यांत ती घरच्या घरी करता येते.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत सेल संपला तर गाडी ‘किल्ली सापडत नाही’ असा संदेश देते. तेथेही आतली चिप सेलविना वाचता येते: किल्ली थेट स्टार्टच्या बटणाला टेकवून, किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या खोबणीत ठेवून बटण दाबायचे असते. दार उघडण्यासाठी किल्लीच्या पोटात धातूचे पाते दडवलेले असते. मात्र या पात्याने दार उघडल्यावर बऱ्याच गाड्यांचा अलार्म वाजतो. तेव्हा न घाबरता आत बसून इग्निशन चालू करावे, म्हणजे ओळख पटून तो शांत होतो.

पाचवी पायरी: फ्यूज आणि स्कॅनर

दोन्ही किल्ल्या नाकारल्या जात असतील, तर प्रथम फ्यूज. पेटीच्या झाकणावरील नकाशात इमोबिलायझर, इग्निशन, ईसीयू आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दारे, दिवे वगैरे सांभाळणारा नियंत्रक) यांचे फ्यूज शोधा. नुसत्या नजरेवर विसंबू नका. फ्यूजच्या माथ्यावर दोन उघडे बिंदू असतात, तेथे इग्निशन चालू ठेवून दोन्हीकडे व्होल्टेज येते का, ते मीटरने पाहा.

त्यानंतर स्टिअरिंगच्या खालील ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचण्याच्या सॉकेटला, स्कॅनर लावा. येथे नवख्यांची हमखास निराशा होते, कारण स्वस्तातला साधा स्कॅनर इंजिनाचे कोड वाचतो, पण इमोबिलायझरच्या नियंत्रकाशी बोलूच शकत नाही, आणि ‘दोष नाही’ असे दाखवतो. तो दाखला पुरेसा समजू नये. तरीही काही उपयुक्त कोड इंजिनाच्या बाजूलाच मिळतात: पी०५१३ म्हणजे इमोबिलायझरची किल्ली चुकीची, पी०६३३ म्हणजे किल्लीची नोंद ईसीयूत नाही, आणि फोर्डच्या गाड्यांत पी१२६० म्हणजे चोरीचा संशय येऊन गाडी रोखली आहे. ‘यू’ने सुरू होणारे कोड दोन नियंत्रकांमधील संवाद तुटल्याचे सांगतात. असे कोड अनेक दिसले तर किल्लीला सोडून वायरिंग, अर्थिंग आणि पाणी यांकडे वळावे. काचेखालच्या किंवा सनरूफच्या पाण्याच्या वाटा पानांनी तुंबल्या, तर पाणी आत उतरून पायाखालच्या गालिच्यात साठते, आणि नेमक्या त्याच भागात कित्येक गाड्यांचे नियंत्रक बसवलेले असतात. गालिच्याखाली हात घालून ओल पाहणे ही साधी गोष्ट महागड्या निदानाआधी करावी.

सर्व कोड लिहून घेतल्यावरच ते पुसा आणि कोणते परत येतात ते पाहा. एकाही किल्लीचे वाचन होत नसेल, तर कुलपाभोवतीचे कडे किंवा त्याचा कनेक्टर संशयित ठरतो. तेथे हात घालण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: त्या परिसरातील पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात आणि त्यांना मीटर लावायचा नाही, त्या ओढायच्या नाहीत. एअरबॅगच्या कामाचा अनुभव नसेल, तर हा भाग ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्यावा.

काही गाड्यांना धीराची औषधमात्रा पुरते. जनरल मोटर्सच्या पासलॉक यंत्रणेत चिप किल्लीत नसते. संवेदक कुलपातच असतो, आणि तो झिजला किंवा त्याची वायर हलली की गाडी सुरू होऊन बंद पडते. तेथे सेल्फ मारून इंजिन बंद पडल्यावर किल्ली ‘ऑन’वरच ठेवायची, सुरक्षेचा दिवा विझेपर्यंत साधारण दहा मिनिटे थांबायचे, मग किल्ली काही सेकंद बंद करायची, आणि हे चक्र एकूण तीनदा करायचे. यंत्रणा त्यानंतर नवे मूल्य शिकते. एवढा वेळ इग्निशन चालू राहणार असल्यामुळे बॅटरी भरलेली असणे आवश्यक आहे. मात्र हा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर संवेदक बदलण्याला पर्याय नाही.

गाडी सुरू होते, पण अलार्म विनाकारण वाजतो

येथे पहिला संशय बॉनेटच्या स्विचवर घ्यावा. तो इंजिनाची उष्णता, धूळ आणि पाणी यांत वर्षानुवर्षे राहतो, त्याची दांडी अडकते किंवा आतले टेकण गंजते, आणि बॉनेट बंद असूनही गाडीला ते उघडे भासते. दारांचे स्विच बहुतेक नव्या गाड्यांत लॅचच्या आतच असतात. दार बंद केल्यावर आतला दिवा विझायला वेळ लागत असेल किंवा डॅशबोर्डवर दार उघडे दाखवत असेल, तर तेच दार दोषी असते. आतील हालचाल टिपणारा अल्ट्रासोनिक संवेदक असेल, तर किंचित उघडी राहिलेली काच, आरशाला टांगलेली शोभेची वस्तू किंवा गाडीत शिरलेली माशीसुद्धा पुरेशी ठरते. गाडी दुपारी उन्हात शांत आणि पहाटे बोंबलते अशी तक्रार असेल, तर कमकुवत बॅटरी किंवा जुन्या सायरनची आतली बॅटरी यांचा विचार करा. आतली बॅटरी वयोमानाने गळते आणि सर्किट खाते.

दोषी जागा नक्की करण्यासाठी एकेक शक्यता वेगळी काढावी. पुष्कळ गाड्यांत आतला संवेदक तेवढ्यापुरता बंद करण्याचे बटण किंवा मेनू असतो. तो बंद ठेवून एक रात्र काढा. तरीही अलार्म वाजला, तर संवेदक निर्दोष आहे आणि स्विचकडे वळता येते. अलार्मचा इतिहास नियंत्रकात नोंदला जात असेल, तर निर्मात्याचा मोठा स्कॅनर शेवटचा अलार्म कोणत्या दाराने वाजवला हे थेट सांगतो, आणि कित्येक दिवसांचा अंदाज वाचतो.

आधीच्या मालकाने वरून बसवलेली यंत्रणा

कारखान्याच्या यंत्रणेला दोष देण्यापूर्वी गाडीत दुसरी यंत्रणा वरून बसवलेली नाही ना, हे पाहणे गरजेचे आहे. गाडीच्या ब्रँडचा नसलेला रिमोट, डॅशबोर्डच्या कडेला चिकटवलेला वेगळा दिवा, स्टिअरिंगखाली टेपने गुंडाळलेले जोड आणि एखादा सुटा रिले (विजेवर चालणारा स्विच) या तिच्या खुणा आहेत. अशी यंत्रणा बहुधा स्टार्टर किंवा इग्निशनची वायर मध्ये तोडून रिले बसवते. रिले जळाला किंवा जोड सैल झाला, की गाडी सुरू होत नाही आणि मूळ सुरक्षेचा दिवा मात्र अगदी व्यवस्थित विझतो. दिव्याची ही विसंगती दिसली तर अशी वरून बसवण्याची कामे करणाऱ्या जाणकार इलेक्ट्रिशियनकडून ती यंत्रणा पूर्णपणे काढून मूळ वायरिंग जोडून घ्यावे; अर्धवट काढलेली यंत्रणा हा वर्षभर डोके खाणारा दोष होऊन बसतो.

आणखी एक शक्यता असते: इंजिनाचा ईसीयू किंवा डॅशबोर्डचा मीटर भंगारातील दुसऱ्या गाडीचा आणून बसवलेला असणे. या भागांची ओळख एकमेकांशी कारखान्यात जुळवलेली असते, त्यामुळे सुटा बदललेला भाग इतरांना परका ठरतो. यावर उपाय जुळवणी करून घेण्याचाच आहे, आणि ती निर्मात्याच्या किंवा तशाच खास उपकरणाशिवाय सहसा होत नाही.

वर्कशॉपकडे जाताना

नव्या किल्लीची नोंदणी, हरवलेल्या किल्ल्या पुसणे आणि नियंत्रकांची जुळवणी ही कामे अधिकृत वर्कशॉप किंवा मान्यताप्राप्त किल्लीतज्ज्ञ मालकीचा पुरावा पाहूनच करतात, आणि त्यांनी तसे करणे योग्यच आहे. गाडीची नोंदणी आपल्या नावावर झालेली असावी, ओळखपत्र आणि शिल्लक असलेल्या सर्व किल्ल्या सोबत असाव्यात. किल्लीबरोबर मिळालेला धातूचा वा प्लास्टिकचा क्रमांकाचा बिल्ला, कोडचे कार्ड किंवा सेवापुस्तिकेतील पिन विकणाऱ्याकडून आठवणीने मागून घ्या. फियाटच्या काही जुन्या गाड्यांना लाल रंगाची मुख्य किल्ली आणि कोडचे कार्ड येत असे; ती लाल किल्ली नसेल तर नव्या किल्ल्या शिकवणे फार अवघड होऊन बसते. इमोबिलायझर कायमचा ‘काढून टाकून’ देणाऱ्याची सूचना स्वीकारू नका: गाडी चोरांना सोपी होते, विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते, आणि पुढच्या प्रत्येक बिघाडाचे निदान अवघड होते.

वर्कशॉपमध्ये गेलातच, तर दोष नसला तरी एक काम करून घ्या. ‘गाडीत किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत’ असे विचारा, आणि तुमच्या हातातील किल्ल्यांपेक्षा आकडा मोठा निघाला, तर सर्व नोंदी पुसून फक्त हातातल्या किल्ल्या पुन्हा नोंदवून घ्या. गाडी मोबाइल ॲपशी जोडली जाणारी असेल, तर आधीच्या मालकाचे खाते गाडीपासून तोडलेले आहे याची खातरजमाही त्याच भेटीत करा. त्याच्या फोनवरून तुमची दारे उघडणे तोवर शक्य असते.